आत किती जण?

ही गोष्ट माझ्या थोरल्या मामांची आहे. मी तिला पदरचा मीठमसाला लावलेला नाही. उलट दोन गोष्टी मामांनी "लिहू नकोस" म्हणून बजावल्या, त्या गाळल्यात. घडलं तेव्हा तिथे तिघं जण होते. तिघंही आज हयात आहेत. आणि तिघांपैकी एकाचाही भुताखेतांवर विश्वास नव्हता.

नव्हता, म्हणतोय मी.

बरं, रात्र वगैरे नव्हती. अमावस्या नव्हती. हिवाळ्यातला रविवार, दुपारचे चार, आणि लख्ख ऊन.

मामा बसच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले आणि लोक बागकाम करतात तसं यांनी विमान करायला घेतलं. खरंखुरं, उडणारं. लाकडी, दोन सीटचं, शेजारी-शेजारी बसायचं. लाकूडकाम त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राचं. तो सुतार, आम्ही त्यांना सुतारकाका म्हणतो. इंजिन आणि वायरिंग मामांचं. नऊ वर्षं लागली. मामी त्या विमानाला 'माझी सवत' म्हणायच्या, आणि सवतीला घरात जागा नाही म्हणून ते धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं.

मामांनी रीतसर परवाना काढला. ते विमान त्यांनी सदतीस वेळा उडवलं. एकट्यानं. काही म्हणजे काही झालं नाही.

मग धावपट्टीच्या कमिटीनं नियम काढला, की रेडिओ नसेल तर उडायचं नाही.

मामांनी नवाकोरा रेडिओ आणला. जुना नाही, कोणाचा वापरलेला नाही. सीलबंद खोक्यातला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळे आधी तेच विचारतात.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला काचेची एक खोली होती. तिथे बिनतारी बसायचे. हे त्यांचं टोपणनाव. तीस वर्षं बिनतारी खात्यात नोकरी केलेला माणूस. टेबलावर रेडिओ, समोर वही. कोण उडालं, किती वाजता, आत किती जण, कधी उतरलं, सगळं वहीत. अक्षर मोत्यासारखं. थट्टामस्करी अजिबात नाही.

रेडिओचं एक समजून घ्या. बोलायचं असेल तर विमान वळवायच्या हातातल्या दांड्यावरचं बटण दाबायचं. दाबलं की रेडिओवर लाल दिवा लागतो. दिवा लागलेला असताना आपलं बोलणं जातं, समोरचं येत नाही. बटण सोडलं की ऐकू येतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. बिनतारींचं बोलणं मामांना स्वच्छ येत होतं. मामांचं मात्र जात नव्हतं.

बिनतारी म्हणाले, "तुम्ही बटण दाबल्याचं कळतंय. खरखर थांबते. पण आत आवाज नाही."

मामांना असली कामं म्हणजे मेजवानी. विमान लाकडी, त्यामुळे अँटेनाखाली लागतो तो धातूचा पत्रा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या. अँटेनाच्या केबलचं टोक नीट डाग देऊन जोडलं.

पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी. मामा आत, सुतारकाका बाहेर पंखाशी उभे.

बिनतारी म्हणाले, "आता श्वास ऐकू येतोय. माईक जरा तोंडापासून लांब धरा."

मामांनी धरला.

"अजून येतोय..."

मामांना वाटलं, इंजिनाचा गोंगाट असेल. इंजिन बंद केलं. बटण दाबून स्वतःचा श्वास रोखून धरला. दहा सेकंद.

"येतोय," बिनतारी म्हणाले. "सावकाश. झोपलेल्या माणसासारखा."

मामा हसले. शेजारच्या सीटलाही एक हेडफोन होता, त्याचा माईक उघडा राहिला असणार. त्यांनी तो उपटून बाहेर काढला आणि सुतारकाकांच्या हातात दिला. पुन्हा बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार मोजलं.

मामांनी बटण सोडलं.

मग बिनतारी म्हणाले, "शेजारच्यांचा आवाज छान आला. तुमचा काही आला नाही."

मामांनी शेजारी पाहिलं.

रिकामी सीट. तिचा पट्टा नीट बांधलेला, मोकळा लोंबू नये म्हणून.

"शेजारी कोणी नाही," मामा म्हणाले. हे मात्र पोहोचलं.

बिनतारींनी नंतर सांगितलं, ते असं. कोणीतरी 'निघायचं ना?' असं म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. बाई की पुरुष, कळलं नाही. घसा बसल्यासारखा आवाज होता म्हणे.

तुम्ही-आम्ही तिथेच गाशा गुंडाळला असता. मामा इलेक्ट्रिशियन. त्यांच्या मते जगात दोनच दोष असतात, सुटलेली वायर आणि चिकटलेली वायर. कुठल्यातरी दुसऱ्या स्टेशनचा आवाज शेजारच्या सीटच्या लांबच लांब वायरमध्ये घुसतोय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या दुपारी त्यांनी उजव्या सीटची सगळी लाइन कापून काढली. माईकची कापली, हेडफोनची कापली. उजव्या दांड्यावरचं बटणही काढून खिशात टाकलं. टोकांना टेप गुंडाळली.

मग चाचणी घेतली. मामांचा आवाज खणखणीत गेला. दुसरं काही नाही. वीस वेळा घेतली, वीसही वेळा ठीक.

सुतारकाकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "दोष सापडला, की तू फक्त त्याचं तोंड बंद केलंस?"

मामांनी त्यांना वेड्यात काढलं.

आणि मग तो रविवार आला.

चार वाजता मामा निघाले. वारा नाही, आकाश निळंभोर. विमान वर गेलं. शंभर मीटर, दोनशे मीटर. मामांना फक्त एक जाणवलं... विमान उजवीकडे कलतंय. थोडंसंच. दांडा सतत डावीकडे दाबून धरावा लागत होता. सुतारकाकांचा पंख तसा नव्हता. सदतीस वेळा असं झालं नव्हतं.

बिनतारींनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आत किती जण?"

"एक," मामा म्हणाले.

"पुन्हा सांगा."

"एक. मी एकटा."



"तुम्ही एक म्हणता," बिनतारी म्हणाले. "त्यामागोमाग दोन असं ऐकू येतंय."

मामांनी अंगठ्याकडे पाहिलं. त्यांनी बटण सोडलेलं होतं. अंगठा बटणापासून चांगला लांब होता. ते तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

आणि समोर रेडिओवर...

लाल दिवा लागला.

तीन-चार सेकंद. मग विझला.

बिनतारींचा आवाज आला. "हो. ऐकतोय."

ते मामांशी बोलत नव्हते.

दिवा पुन्हा लागला. या वेळी जास्त वेळ. हेडफोनमध्ये अजिबात आवाज नाही. फक्त इंजिन. मामांना काहीच ऐकू येत नव्हतं, कारण आपल्याच विमानातून गेलेलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. येतो तो फक्त समोरच्याचा जबाब.

दिवा विझला.

"नाही," बिनतारी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही."

दिवा लागला. विझला.

"मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नसणार."

मामांनी मला सांगितलं, की आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नाही. एकदा उघड्या वायरला हात लागून ते मरता मरता वाचले होते, तेव्हासुद्धा नाही. मान उजवीकडे वळवायची हिंमत होईना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सीटची कड दिसत होती, तेवढीही दिसू नये म्हणून त्यांनी डावा गाल खिडकीला टेकवला. उजव्या खांद्याला ऊब लागत होती. गर्दीच्या बाकावर शेजारी कोणी बसलं की लागते तशी.

मामींची आठवण आली. सकाळी निघताना मामी काही बोलल्या होत्या, आणि मामांनी न ऐकताच 'हो' म्हटलं होतं. काय म्हणाल्या ते आठवेना. रडू यायला लागलं.

दिवा लागला. विझला.

बिनतारींचा आवाज आता खूप हळू होता, लहान मुलाला समजावतात तसा. "त्यांना घरी जायचंय. त्यांना खाली येऊ द्या. कृपा करा."

मग मामांना, वेगळ्या आवाजात, "उतरा. आत्ता. आणि बटणाला हात लावू नका."

त्या धावपट्टीवर उतरताना सगळी वळणं डावीकडे घ्यावी लागतात. मामा म्हणतात, तेवढ्यानं मी वाचलो. एकदा जरी उजवीकडे पाहावं लागलं असतं तर दांडा हातातून सुटला असता.

चाकं जमिनीला लागली. मामांनी शेडपर्यंत विमान आणलं, इंजिन बंद केलं, आणि पडत-धडपडत डाव्या बाजूनं बाहेर आले. सुतारकाकांनी धरलं.

पण सुतारकाका त्यांच्याकडे बघत नव्हते.

"उजवा पंख खाली आहे," ते म्हणाले.

होता. चार बोटं. सुताराच्या नजरेला सूतभर फरक कळतो, हे तर कोणालाही दिसलं असतं. विमान उजव्या चाकावर दबून उभं होतं. आत कोणी नव्हतं.

दोघं बघत राहिले.

मग... पंख हळूच वर आला.

गाडीतून कोणी उतरलं की गाडी वर उचलली जाते ना, तसा.

दार उघडलं नाही. गवत हललं नाही. पण सुतारकाका एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी वाट दिली. का दिली, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

बिनतारी खोलीतून बाहेर आले तेव्हा काळवंडलेले दिसत होते. मामांनी त्यांना शपथ घातली, काय बोललं ते सांगा. सगळं त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "विचारत होतं, की सदतीस वेळा माझी सोबत होती... एकदाही मला मोजलं का नाही?"

सदतीस वेळा. रेडिओ नव्हता तेव्हाचं हे.

त्या दिवशीच्या वहीत, मामांच्या विमानापुढे, 'दोन' लिहिलेलं आहे. मामा खोडा म्हणाले. बिनतारींनी ऐकलं नाही. म्हणाले, मी ऐकलं ते लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून ते तिथे यायचे बंद झाले.

मामींनी विमान विकायला सांगितलं. मामांनी विकलं नाही. नऊ वर्षं गेली होती त्यात. एक मात्र झालं, त्यानंतर ते एकदाही एकटे उडाले नाहीत. दर वेळी उजव्या सीटवर सुतारकाका. तिथे माणूस बसलेला असला की रेडिओ ठीक चालतो, विमान सरळ जातं. सीट रिकामी ठेवायची नाही, एवढं ते पाळतात.

चार वर्षं असंच चाललंय.

गेल्या महिन्यात सुतारकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने चढ-उतार बंद केला आहे.

परवा मामांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "रविवारी मोकळा आहेस का? काही करायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं."

मी म्हटलं, मामा, तीन महिने नाही उडवलं तर काय बिघडतं?



"माझं काही नाही रे," ते म्हणाले. "पण 'निघायचं ना?' असं..."

आणि तिथेच थांबले. मग घाईघाईनं मामी हाक मारताहेत म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कळवतो म्हणून सांगितलंय.

आज शनिवार आहे. अजून कळवलेलं नाही.