प्रमाणश्वास

सकाळी आठ वाजता कुमुद चौगुले नळीत फुंकायची, तेव्हा कुठं मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेचा दिवस सुरू व्हायचा. चार वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती, आणि बाईंना त्याचा अभिमान केवढा! हळदीकुंकवालासुद्धा सांगायची, "अख्ख्या जिल्ह्याची फुप्फुसं माझ्या श्वासावर मोजतात." खोटं नव्हतं ते. दोन हजार त्रेचाळीस साली तिथं खरोखरच तसं मोजत होते.

त्या दिवशी खुर्चीत इस्माईलचाचा सतारमेकर बसले होते. पन्नास वर्षं तंबोरे घडवणारा माणूस, पण आमवातानं बोटं पार वाकडी झालेली. तपासणीला येताना उरलेल्या गोळ्यांची पाकिटं ते बरोबर घेऊन आले होते.

"चाचा, पेढे आणा!" कुमुद आकडा वाचून म्हणाली. "व्रणांक सतरावर होता, आता आठ. तो दहाच्या आत आला की गोळ्या बंद. उद्यापासून सुटलात."

"यंत्र म्हणतंय सुटलो, पण छाती न्हाई म्हणत. तंबोऱ्याचा भोपळा खरवडायला बसलो की धाप लागतीय. तुमचं हे यंत्र मोजतंय तरी काय?"

कुमुदला समजावून सांगायची भारी हौस. "तुमच्या आजारात शरीराचे राखणदारच घरच्यांवर उठतात. आधी सांधे धरतात, मग फुप्फुस. तिथं बारीक व्रण पडतात. फोटोत ते दिसेपर्यंत पाच वर्षं निघून जातात आणि गेलेलं फुप्फुस काही परत येत नाही. पण व्रणाचा अंश श्वासात पहिल्या दिवसापासून उतरतो. हा श्वासदर्शक तो हुंगतो."

"आणि बाहेरचा उसाच्या पाचटाचा धूर? तो न्हाई हुंगत?"

"हुंगतो की! म्हणून तर रोज सकाळी याच खोलीत एका धडधाकट माणसाचा श्वास घ्यायचा. तो प्रमाणश्वास, म्हणजे शून्य. तुमच्या श्वासातून तो वजा केला की धूर गेला, उरला फक्त आजार. धडधाकट माणूस म्हणजे मी!"

चाचा हसले नाहीत. "म्हणजे तुम्ही पहिला तंबोरा. बाकीचे तुमच्याशी जुळवायचे."

"अगदी बरोबर!"

"आमच्या कारखान्यात एकदा असंच जुळवलं. सगळे तंबोरे एकमेकांशी झकास लागले. बैठकीत बसल्यावर कळलं की सगळेच उतरलेत. पहिल्याचीच तार उतरली होती. पहिल्याला कोण तपासतंय, बाई?"

"काहीतरीच तुमचं, चाचा!" कुमुद म्हणाली खरी, पण तिचा हात नकळत पदराखाली गेला. गेली दोन-तीन वर्षं सकाळी अर्धा-पाऊण तास बोटं आखडायची. गार पाण्यानं होत असेल, असं म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दारात डॉक्टर मृणालिनी आरवाडे उभ्या होत्या. प्रयोगशाळा त्यांनीच उभारलेली. चाचांचं बोलणं ऐकून त्या थेट पडद्यापाशी गेल्या आणि जुन्या नोंदी उघडू लागल्या. जवळजवळ सगळ्याच रोग्यांचा व्रणांक बारानं उतरला होता. औषध लागू पडलं म्हणून डॉक्टरांनीच गेल्या महिन्यात सगळ्यांना आइस्क्रीम दिलं होतं.

"कुमुद, ते पाटील आजोबा गोळ्या जास्वंदीच्या बुंध्यात टाकायचे ना गं?"

"हो. सूनबाईंनीच पकडलं होतं."

"त्यांचाही बारानंच उतरलाय." डॉक्टर मटकन बसल्या. "म्हणजे हे औषधाचं काम नव्हे, आपलं शून्यच चढलंय. आणि दोन वर्षांत आपल्याला नवा रोगी जवळजवळ सापडलाच नाही. आजार कमी झाला म्हणून खूश होतो आपण. अगं, किती जणांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं आपण!"

मग त्यांनी रखवालदाराला बोलावलं, दोन परिचारिकांना बोलावलं आणि स्वतःही नळीत फुंकलं. चौघांचे श्वास एकमेकांशी तंतोतंत जुळले. चौघांची सरासरी त्यांनी शून्य म्हणून यंत्राला दिली आणि चाचांचा आकडा पुन्हा काढला. वीस! सतराचे आठ झालेच नव्हते, वीस झाले होते. चाचांनी गोळ्यांची पाकिटं गुपचूप पिशवीत टाकली.

"आता तू," डॉक्टर म्हणाल्या.

"मला धापसुद्धा लागत नाही, मॅडम. रोज तीन जिने चढते."

"फुंक गं."

हजारांहून जास्त वेळा तिनं या नळीत फुंकलं होतं. नाव मात्र यंत्रानं आज पहिल्यांदाच विचारलं, कारण शून्याला नाव लागत नाही. कुमुद चौगुले, वय चव्वेचाळीस. तिनं फुंकलं आणि पडद्यावर आकडा आला. बारा.

कुमुदला रागच आला, डोळ्यांत पाणी आणणारा. "इथल्या इथं होते मी, मॅडम! रोज!"

"दिव्याखाली अंधार," डॉक्टर म्हणाल्या. "चार वर्षं रोज तुझा श्वास घेतला आणि तुला एकदाही तपासलं नाही. चुकलं माझं. पण ऐक, बारा म्हणजे नुकतीच सुरुवात आहे. फोटोत अजून दोन-तीन वर्षं दिसलं नसतं. गोळ्यांनी इथंच थांबेल."

चाचांनी आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "पहिला आठवडा तोंड लई कडू होतंय, पोरी. गुळाचा खडा ठेवत जा." चार वर्षं तिला 'बाई' म्हणणारे चाचा आज 'पोरी' म्हणाले, आणि मग मात्र ती हमसून रडली.

डोळे पुसून तिनं घरी पाठवलेल्यांची यादी काढली. दोनशे चौदा नावं होती. तिनं पहिला फोन लावला.

"प्रयोगशाळेतून कुमुद बोलतेय. तुम्हाला काही नाही म्हणालो होतो ना, ते पुन्हा मोजायला लागेल. चूक आमची आहे. उद्या आठला या." पलीकडची बाई घाबरून काहीतरी विचारत होती. "नाही हो, एकट्या नाही तुम्ही. खुर्चीत तुमच्याआधी मी बसणार आहे."