डावी चाचणी

‘ड्रायव्हर येणार आहे,’ एवढंच कार्यालयातून कळवलं होतं. त्यामुळे सकाळी दहाला खांद्याला पिशवी अडकवलेला तरुण दारात दिसला, तेव्हा तिने हसून त्याच्या हातात संस्थेच्या व्हॅनची किल्ली ठेवली. गाडी मागच्या अंगणात आहे, डिझेल बेताचंच आहे, असंही सांगितलं. त्याने मान किंचित डावीकडे वळवून सगळं ऐकून घेतलं. इतकं मन लावून तिचं कोणी ऐकत नसे, घरी तर नाहीच. “बरं,” म्हणाला आणि मागे गेला.

पाऊण तासाने हात पुसत परत आला.

“व्हॅनचा टेप चालू झाला,” तो म्हणाला. “आता कॉम्प्युटर बघू?”

प्रेमाची सुरुवात म्हणून ही काही फार चांगली नव्हे. पण त्या दिवशी दुसरी उपलब्ध नव्हती.

संस्था अंध लोकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची आणि तिचं काम होतं वाचण्याचं. काचेमागच्या चिमुकल्या खोलीत माइकसमोर बसून ती रोज पाच तास वाचे. कादंबऱ्या, भाडेकरूंचे कायदे, मधुमेहात पायांची काळजी, काहीही. काचेबाहेरच्या टेबलावर सोळा वर्षांचा एक कॉम्प्युटर घरघरत असायचा. संस्थेची नऊशे पुस्तकं ज्या प्रोग्रॅममध्ये होती, तो फक्त त्याच्या जुन्या सिस्टिमवर चालायचा, आणि प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ केव्हाच मधमाश्या पाळायला निघून गेला होता. एका दुपारी पडद्यावर प्रश्न उगवला, नवीन ड्रायव्हर टाकू का? विचारणाऱ्याला नाही म्हणणं तिला जमत नसे. तिने ‘हो’ दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि मुका झाला.

“ड्रायव्हर म्हणजे दुभाषा,” त्याने तिला समजावलं. “आत आवाजाचं कार्ड आहे, ते एक भाषा बोलतं. सिस्टिम दुसरी बोलते. मध्ये हा. तुम्ही जुन्याला काढून नवा नेमलात, आणि नव्याला ह्या म्हाताऱ्या कार्डाची बोली येत नाही.”

“मग जुन्याला परत बोलवा.”

“शोधावा लागेल. कंपनीने त्याला कधीच घरी बसवलंय.”

तो शोधायला लागला. भंगारवाल्यांकडून जुन्या सीड्या आणायचा, एक टाकायचा, काढायचा, दुसरा टाकायचा. दिवसाआड येऊ लागला. ती त्याला चहा देई, तो मान वळवून तिचं बोलणं ऐके. मध्येच पाऊस आला की दोघं गॅलरीत उभी राहत. पत्र्यावर असा ताशा वाजायचा की शेजारच्याचं बोलणं कळू नये. तेव्हा तो हमखास तिला वळसा घालून पलीकडे जाई आणि तिला आपल्या उजव्या हाताला घेई. डावीकडून पागोळ्या गळत. भिजायचा तो. एवढं सौजन्य तिने फक्त वाचलं होतं, तेही मोठ्याने आणि दुसऱ्यांसाठी.

“तुम्ही अशा का उभ्या राहता?” एकदा त्याने विचारलं.

“कशी?”

“मी निघालो की दारापर्यंत येता. मग उगाच दाराची कडी तपासता.”

“कडी सैल आहे.”

“बरं,” तो म्हणाला. पुढच्या खेपेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि कडी आवळून गेला. तिला फार वाईट वाटलं.

पाचव्या खेपेला त्याला हवी ती सीडी मिळाली. ड्रायव्हर बसला, आवाज आला. त्याने हेडफोन लावले, आणि कपाळावर आठी पडली. फक्त उजवीकडून येतोय, म्हणाला. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासू. तुम्ही आत बसून आधी डाव्या बाजूसाठी काहीतरी बोला, मग उजवीसाठी. दोन फाइली करतो आणि नंतर ऐकतो.

ती आत गेली. काचेपलीकडे तो पडद्याकडे बघत होता, हेडफोन गळ्यात. हृदय डावीकडे असतं असं शाळेत शिकवलेलं होतं. तिने शिक्षणाचा उपयोग केला.

“मशीन दुरुस्त झालं तरी येत जा,” ती माइकमध्ये म्हणाली. मग थांबली. “…मला तुम्ही आवडता.”

उजव्या फाइलसाठी तिने सोमवार ते रविवार म्हटलं.

बाहेर येऊन ती त्याच्या मागे उभी राहिली. पडद्यावर तिच्या वाक्याची रेघ दिसत होती. एक लांब टेकाडांची रांग, मध्ये सपाट माळ, मग तीन छोटी टेकाडं. त्याने हेडफोन चढवले. ऐकलं. पुन्हा ऐकलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“यात काहीच नाही,” तो म्हणाला.

“रेघ तर दिसतेय…”

“दिसते. पण नुसत्या रेघेला घेऊन काय करायचं?”

आणि त्याने शांतपणे ड्रायव्हर काढून टाकला.

यानंतर पंधरा दिवसांत त्याने तो ड्रायव्हर आणखी सहा वेळा बदलला. दर वेळी तिची तीच फाइल ऐकली. दर वेळी, ती समोर उभी असताना, यात काहीच नाही असं सांगितलं. नकार द्यायला माणूस इतक्या खेपा घालत नाही, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, घालतही असेल, कामाचा पक्का दिसतो. घरी ती गप्प गप्प राहू लागली. आवाज बसलाय का गं तुझा, असं आईने विचारलं. बसला नाही, डाव्या बाजूने पोचत नाही, असं तिने खरं खरं सांगितलं. आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या.

संस्थेत मास्तर होते. निवृत्त शिक्षक, जन्मापासून अंध. श्रोत्यांकडे जाणारं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या कानाखालून जायचं. सगळे त्यांना टरकून असत, कारण ते श्वास मोजत. तिला ते ‘पूर्णविराम’ म्हणत. वाक्य संपल्यावर ही इतकी थांबते की ऐकणारा चहा टाकून येतो, अशी त्यांची तक्रार होती. एका सोमवारी ते हेडफोन लावून, फाइलींची नावं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने नव्या फाइली उघडत बसले होते. ती कोपऱ्यात पुस्तकाला कव्हर घालत होती.

“पूर्णविराम,” मास्तर म्हणाले, “ही ‘डावी चाचणी’ तुझी ना?”

तिच्या हातातली कात्री थांबली.

“आवाज स्वच्छ आहे. ‘येत जा’नंतर थांबलीस, ते मात्र पहिल्यांदाच योग्य ठिकाणी थांबलीस.” मास्तरांनी हेडफोन काढले. “मजकुराबद्दल मी बोलत नाही, ते माझं खातं नव्हे.”

“मास्तर… डावीकडून येतोय आवाज?”

“खणखणीत. का?”

ती खाली बसली. वळवलेली मान आठवली. गॅलरीतला वळसा आठवला. त्याने एकदा सांगितलं होतं, हल्ली हेडफोन भिकार निघतात, वर्षभरात चार फेकले, सगळ्यांची डावी बाजू मेलेली. तेव्हा ती हसली होती.

त्याने नकार दिलेलाच नव्हता. त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. ह्या विचाराने जो आनंद झाला, त्याची तिला लगेच इतकी लाज वाटली की ती उठून पाण्याच्या पिंपापाशी गेली आणि तहान नसताना दोन पेले पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी तो आणखी एक सीडी घेऊन आला. ही नक्की चालेल, म्हणाला. तिने सीडी त्याच्या हातातून घेतली आणि टेबलावर ठेवली. ती उजवी फाइलही लावू शकली असती. हेडफोन उलटे घातले असते, तर त्याला वारांपैकी एकही ऐकू आला नसता, आणि जे कळायचं ते कळलं असतं. पण एवढी वाईट बातमी एकटीच पाठवायचा तिला धीर होईना. तिने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. आणि डावी चाचणी सुरू केली.

त्याचा चेहरा उजळला.

“आला!” तो म्हणाला. “बसला ड्रायव्हर! हा तर…”

मग त्याने वाक्य पूर्ण ऐकलं. मग हात वर नेऊन हेडफोनवरची खूण चाचपली, कोणत्या कानावर काय आहे ते. दोन्ही गोष्टी त्याला एकाच मिनिटात कळल्या आणि कोणत्या गोष्टीकडे आधी बघावं ते त्याला कळेना. त्याने हेडफोन सरळ घातले. ऐकलं. पुन्हा उलटे घातले. कॉम्प्युटर घरघरत राहिला.

“मी वर्षभरात लोकांचे अकरा डावे स्पीकर बदललेत,” शेवटी तो म्हणाला. “गिऱ्हाइकं सांगायची, अहो, येतोय की आवाज. मी म्हणायचो, तुम्हाला काय कळतं.”

ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

“माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं,” ती म्हणाली.

“माझा कान गेला,” तो अगदी हळू म्हणाला, “आणि मी ड्रायव्हर बदलत बसलो.”

त्याने पिशवी आवरली. येतो, म्हणाला. कधी ते बोलला नाही. कडी आता घट्ट होती, त्यामुळे दारात थांबायला तिच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. तरी थांबली.

मशीन दुरुस्त होतं. खरं म्हणजे पाचव्या खेपेपासूनच होतं. तिने वाचन सुरू केलं. पानापानाला काचेबाहेर बघे. रिकामी खुर्ची दिसे. मास्तर निम्मी पानं परत पाठवू लागले. वाक्याच्या मध्येच थांबतेस, म्हणाले, हे तर नवीनच. नऊ दिवस असे गेले.

दहाव्या दिवशी ती वाचता वाचता वर बघते तो काचेपलीकडे तो उभा. खांद्याला पिशवी नव्हती.

तो कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. मागच्या वर्षी ताप आला होता, तेव्हाच डाव्या कानाची नस गेली होती. परत यायची नाही. उजवा उत्तम आहे. हे सगळं त्याने उभ्यानेच, दुसऱ्या कोणाच्या मशीनबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, “आवाजाच्या कामाला अर्धा माणूस कोण बोलावणार?”

मास्तर कोपऱ्यात बसले होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“डावी बाजू माझ्याकडे देत जा,” ते म्हणाले. “माझ्याकडे दोन आहेत आणि दुसरं काही करायला नाही. पण ही सांगत होती ते स्पीकर परत करा लोकांचे.”

“करतोय,” तो म्हणाला. “सात झाले.”

मग तो तिच्याकडे वळला, मान डावीकडे कलती करून. ती मान सौजन्याची नव्हती हे तिला आता ठाऊक होतं. तरी तिने एक पाऊल त्याच्या उजवीकडे टाकलं.

“त्या फाइलची उजवी बाजू कोरी राहिलीय,” तो म्हणाला. “भरू का?”

पडद्यावरच्या प्रश्नाला तिने नीट न वाचता हो म्हटलं होतं. ह्याचा चेहरा तिने नीट वाचला, शेवटपर्यंत, आणि मग हो म्हटलं.

तो काचेमागे जाऊन तिच्या खुर्चीत बसला. तिने बटण दाबलं. त्याचे ओठ हलले, फार थोडे. बाहेर येऊन तो भिंतीकडे बघत उभा राहिला. तिने हेडफोन लावले, सरळ. डाव्या कानात तिचा स्वतःचा आवाज आला, येत जा म्हणणारा. उजव्या कानात, तिच्याच जोडीला, त्याचा.

“मशीन दुरुस्त आहे. तरी आलो.”

ती बराच वेळ हेडफोन काढेना. शेवटी मास्तरांनी हात पुढे केला. तपासल्याशिवाय फाइल जात नाही, नियम म्हणजे नियम. त्यांनी ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं. दोघं त्यांच्यासमोर निकालाला उभं राहावं तशी उभी होती. ती त्याच्या उजवीकडे होती आणि तिचा हात त्याच्या हातात कधी गेला ते मास्तरांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

“दोघं एकाच वेळी बोलताय,” मास्तर म्हणाले. “एकाचंही धड कळत नाही.”

मग त्यांनी हेडफोन अलगद खाली ठेवले.

“पास.”