तिसरी टिचकी

रोज जप करणारी बाई आहे मी. खोटं सांगून मला काय मिळणार? मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, आतली खोली.

ह्यांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्या सकाळी ह्यांना एकटीनं उचलायला गेले, तेव्हापासून माझी पाठ धरली होती.

आधी एक सांगते. जप संपेपर्यंत माझं मौन असतं. मागे वळायचं नाही, हाही नेम. हे चहा करायचे आणि येऊन माझ्या डाव्या खांद्याखाली बोटानं खूण करायचे. दोन टिचक्या... थांबून तिसरी.

वर म्हणायचे, "चहा निवला तर माझ्यावर खापर फोडू नका हं, महाराणी!"

त्या सकाळी दोनच आल्या.

अकरा मणी उरले होते. मी वळले नाही.

माळ संपवून वळले, तेव्हा हे माझ्या मागेच जमिनीवर...

असो.

डॉक्टरीणबाईंनी मला पालथं झोपवलं. पाठीवर चार चौकोनी चिकट पट्ट्या लावल्या, त्यांना वायरी.

"करंटला घाबरू नका, मावशी. स्नायू आपोआप उडेल. झोपल्याझोपल्या व्यायाम, आणखी काय हवं!"

मुंग्या आल्या. पाठ फडफडायला लागली. पंधरा मिनिटांनी मशीन टूं करून बंद झालं. बाईंनी पट्ट्या काढल्या आणि हात धुवायला बाहेर गेल्या.

"पडून राहा. लगेच वळू नका."

बाहेर नळ वाहत होता.

आणि डाव्या खांद्याखाली...

एक.

दोन.

ह्या वेळी मात्र मी वळले. "अहो!" म्हणून ओरडलेच.

कोणी नव्हतं. वायरी हुकाला लटकत होत्या. हलतही नव्हत्या.

बाई ओल्या हातांनी धावत आल्या. "कळ आली का?"

मग माझ्या पाठीवर वाकून बघू लागल्या.

"मावशी... इथे कोणी बोट दाबलं होतं?"

"का हो?"

"पट्ट्यांचे वळ चौकोनी असतात. हे गोल आहेत. दोन."

ठसे आठवड्यात गेले. पाठही सुटली. जप मी सोडलेला नाही. पण अकरा मणी उरले की आता रोज वळून बघते.

फरशी रिकामी असते.

मग माळ तशीच हातात धरून, पाठ ताठ करून बसते...

तिसरीसाठी.