थंड न होणारं इंजिन

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे घडलंय.

२००४ चा जानेवारी. भिवंडीजवळचं कोन गाव. तिथे रस्त्याला लागूनच माझ्या चुलतभावाचं, अनंताचं गॅरेज.

एका संध्याकाळी मानकोलीच्या हितेशने आपली जुनी डिझेल गाडी आणून लावली.

"दादा, सकाळी उठतच न्हाय बघ. सेल्फ मारून मारून हात दुखतो. उठली तरी थरथरते, पांढरा धूर सोडते."

अनंताला ती गाडी चांगली ठाऊक होती.

मागच्या थंडीत पहाटे हितेशच्या वडिलांच्या, केसरीनाथांच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं... आणि गाडी सुरूच झाली नाही.

अंगणातच ते गेले.

आता हितेशच्या बायकोचे, निशाचे दिवस भरले होते.

"या वेळी दगा नको," हितेश एवढंच म्हणाला.

अनंताची एक पद्धत होती. गार गाडीचा आजार गार गाडीतच शोधायचा. गाडी रात्रभर शटरच्या आत ठेवायची, सकाळी आधी इंजिनाला हात लावून बघायचा, मगच चावी फिरवायची.

सकाळी त्याने बोनेट उघडलं. हात लावला.

झटकन मागे घेतला...

इंजिन तापलेलं होतं.

चावी त्याच्याच खिशात होती. शटरचं कुलूप त्यानेच आत्ता उघडलं होतं. गाडी अर्थातच एका झटक्यात सुरू झाली. तापलेल्या गाडीत तो काय कप्पाळ शोधणार?

कुणीतरी चेष्टा करतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्या संध्याकाळी सरळ बॅटरीच काढून घरी नेली. आता करा म्हणावं सुरू.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो बॅटरी खांद्यावर घेऊन आला. शटरजवळ थबकला.

आतून आवाज येत होता...

करर्र... करर्र... करर्र...

कुणीतरी जीव खाऊन सेल्फ मारत होतं.

आणि बॅटरी अनंताच्या खांद्यावर होती.

त्याने शटर वर ढकललं. आवाज बंद. आत कुणीच नाही.

फक्त पांढरा धूर...

गाडी तशीच परत द्यावी, असं अनंताला वाटलं. पण निशाचे दिवस भरलेत, हे डोक्यातून जाईना. थंडीत इंजिनाला आतून ऊब देतात ते हीटर प्लग त्याने काढून तपासले. सगळे जळालेले. नवे बसवले आणि गाडी पोचती केली. बाकीचं काही बोलला नाही. सांगणार तरी काय?

त्याच आठवड्यात हितेश बर्फी घेऊन आला. मुलगी झाली होती. चेहरा मात्र उतरलेला.

"दादा, पहाटे कळा सुरू झाल्या. निशाला धरून अंगणात आलो, तर गाडी चालूच होती... चावी माझ्या हातात."

अनंताने हातातला पाना खाली ठेवला.

"वाटभर ती दाराला चिकटून बसली. म्हटलं, जरा आडवी हो. तर म्हणाली... कशी होऊ? जागा कुठं हाय?"

मागच्या सीटवर ती एकटीच होती.

हितेशने बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला.

"उद्या बाळाला घरी आणायचंय, दादा. कशातून आणू?"