धाब्यावरची टिटवी

ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचं गरम पातेलं घेऊन प्रमिला बिबड्यांचे पापड घालायला घराच्या सपाट, मातीच्या धाब्यावर चढली आणि टिटवी थेट तिच्या डोक्यावर झेपावली. "टिटीव, टिटीव!" अख्ख्या गल्लीनं माना वर कराव्यात असा कल्लोळ. पातेलं पोटाशी धरून प्रमिलानं बुटका कठडा ओलांडला, शेजारच्या धाब्यावर उतरली... तर समोर कडुनिंबाची काडी तोंडात धरलेला एक अनोळखी तरुण!

"चावली का?"

"टिटवी चावत नाही. ओरडते."

"मग पळालात कशाला?"

"तुम्हीच जाऊन बघा ना..."

तो गेला. टिटवीनं त्यालाही पिटाळलं. धापा टाकत, हसत परतला. "खड्यांत अंडी घातलीत तिनं. बिबड्या आता इकडेच घाला."

तो पितांबर. बोदवडचा, एस.टी.त कंडक्टर, धुळ्याला नुकताच बदलून आलेला भाडेकरू.

अठ्ठ्याऐंशी सालचा तो उन्हाळा प्रमिलाला मुळी तापलाच नाही. पितांबर घरी असला की वाटीभर घाटा मागायचा, वर तिखट मागायचा, डोळ्यांतून पाणी आलं तरी "अजून" म्हणायचा. तो ड्यूटीवर गेला की तिच्या बिबड्या वेड्यावाकड्या व्हायच्या.

"अहो, कधी फुटतील ही अंडी?" एकदा तिनं विचारलं.

"घाई आहे?"

"...नाही," म्हणत तिनं पिळलेलंच फडकं पुन्हा पिळलं.

घाई तिच्या आईला होती. दुसऱ्या दिवशी प्रमिलाला पाहायला पिंपळनेरचे लोक येणार होते, आणि घरावर टिटवी ओरडणं द्रौपदाबाईंना मुळीच खपत नव्हतं. बिबड्या उलटता उलटता त्यांनी पितांबरला हाक मारली.

"भाऊ, सकाय पाव्हना येतीन. ती बठ्ठी अंडी उचली टाक. टिटवी वरडनं वंगाळ शे."

प्रमिलाचा हात जागीच थांबला.

पितांबर कठडा ओलांडून अंड्यांपर्यंत गेला. टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती. तो वाकला... आणि रिकाम्या हातांनी परत आला.

"नाही उचलणार, अक्का."

"का रे? घाबरी गया का?"

"घाबरलो. पण टिटवीला नाही... पाहुण्यांना."

"म्हंजे?"

"ते टिटवीला भिऊन परत गेले तर बरंच होईल." तो पुढे म्हणाला, "मला प्रमिलाला मागणी घालायचीय. तिची हरकत नसेल तर."

"तुन्हा घरना लोके मानतीन का?"

"मागच्या सुटीत विचारूनच आलोय."

द्रौपदाबाई लेकीकडे वळल्या. "आयकी ऱ्हायनी ना? बोल मंग!"

प्रमिलाचे कान लालेलाल झाले. पण आवाज मात्र स्वच्छ निघाला. "आई, पिंपळनेरला निरोप धाड. येऊ नका म्हणावं."

"मन्हा बठ्ठा बेत वाया गया!" द्रौपदाबाई करवादल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. "तुन्हा माय-बापले बलाव, भाऊ..." त्यांनी जीभ चावली. "भाऊ काय म्हनस मी! जवाई!"

पदर तोंडाला लावून त्या खाली उतरल्या. टिटवीही शांत होऊन अंड्यांवर बसली.

"आता तरी मला नावानं हाक माराल?" पितांबरनं हळूच विचारलं.

"छे!"

"का?"

प्रमिलानं एक बिबडी उलटली. वर न बघताच म्हणाली, "आता तर 'अहो'च म्हणणार... हक्कानं."