सासूबाईंचा रियाज

"आई, बास! हात जोडते तुम्हाला, बास करा आता!"

भांडी घासता घासता तसेच ओले हात घेऊन सूनबाई सासूबाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पलंगावर उशांना टेकून बसलेल्या सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, थोडा दम खाल्ला, आणि पुन्हा त्याच ओळीवर झेप घेतली... सूर फाटला, श्वास संपला, आणि खोकल्याची अशी उबळ आली की सूनबाई दम्याचा तो तोंडात मारायचा पंप शोधायला धावली. पंप उशीखाली नव्हता, टेबलावर नव्हता. तो सासूबाईंच्या मुठीतच होता! रागाने आणि भीतीने सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिनाभर हे असंच चाललं होतं. सासूबाईंची फुप्फुसं कायमची थकलेली. हे दुखणं बरं व्हायचं नाही, सांभाळायचं, असं छातीच्या डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं. त्याच डॉक्टरांनी आता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अशा रुग्णांसाठी गाण्याचा वर्ग काढला होता. गाताना श्वास सावकाश सोडावा लागतो, त्याने दम लागायची धास्ती कमी होते, म्हणे! सासूबाईंची धास्ती कमी झाली असेलही, घरातल्या बाकीच्यांची मात्र वाढली होती. सूनबाईचा नवरा कानात कापसाचे बोळे घालून वर्तमानपत्र वाचायचा, आणि शेजारच्या काकू "सगळं ठीक आहे ना?" म्हणून डोकावून जायच्या.

पण सूनबाईच्या काळजात जे सलत होतं ते बेसूरपणाचं नव्हतं... गाण्याचंच होतं! ह्या घरात गाणं?

लग्न होऊन ती आली तेव्हा तिचा आवाज असा होता की क्लासमधल्या मुली आपला सराव थांबवून ऐकत बसायच्या. तो आवाज घेऊन ती ह्या घरात आली, स्वयंपाकघरात काम करता करता मोकळ्या गळ्याने गात राहिली, आणि सासरे अंथरुणाला खिळले असताना एका दुपारी सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "गाणं बंद कर." तिने बंद केलं. सासरे गेले, वर्षं गेली, मुलगी शिकून दूर नोकरीला लागली. पुन्हा गा असं कुणी म्हटलं नाही, आणि गाऊ का असं तिने विचारलं नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात ती लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची, घरी येऊन सासूबाईंच्या गोळ्या, वाफारा, पथ्यपाणी बघायची. अंतःकरणातला तो झरा आटला की बुजला, ह्याची चौकशी करायलासुद्धा तिला कधी सवड झाली नाही.

आणि आता सासूबाई गाणार! गाणं तरी कोणतं? तर तिचंच, स्वयंपाकघरात ती नेहमी म्हणायची ते होडीचं!

एक दिवस सोबत म्हणून ती वर्गाला गेली, आणि तिला सासूबाईंच्या शेजारीच बसावं लागलं. एक म्हातारे ड्रायव्हरकाका, एक निवृत्त मास्तर, सगळे आपापल्या बेताने गुणगुणत होते. सासूबाईंनी मात्र सुरुवातीलाच सूर आढ्याला लावला. गाण्याच्या बाईंनी पेटी थांबवली.

"आजी, ही पट्टी तुमची नाही हो. खाली उतरा, श्वास पुरेल."

"गाणं असंच आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तिथूनच उचललं. ओठ निळसर पडले, नर्स धावली, खालून डॉक्टर आले. ते रागावले नाहीत, पण शांतपणे म्हणाले, "आजी, असाच हट्ट केलात तर मला तुमचं गाणं बंद करावं लागेल."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सूनबाईला खरं तर बरं वाटायला हवं होतं... कळू दे की जरा! पण तिला बरं वाटलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

घरी येऊन सासूबाईंना पलंगावर बसवता बसवताच तिचा बांध फुटला. "एवढा कसला हेका, आई? खालच्या पट्टीत म्हटलंत तर काय बिघडणार आहे?"

"तू तसंच म्हणायचीस."

"मी?"

"मग मी दुसरं कुणाचं गाणं ऐकलंय? भिंतीपलीकडून तुझंच ऐकायची. कानात बसलंय ते तसंच बसलंय. खाली घेतलं की मला ते गाणंच वाटत नाही."

सूनबाई थिजली. "तुम्ही... ऐकायचात? मग बंद का करायला लावलंत?"

"अगं, रात्रभर तळमळून ह्यांचा तेव्हा कुठे डोळा लागला होता! त्या दुपारपुरतं म्हटलं होतं मी!"

"त्या दुपारपुरतं?" तिचा आवाज चिरकला. "आई, तुम्ही त्या दुपारपुरतं म्हणालात, आणि मी जन्मभर..."

"मला वाटलं, रुसलीस. आज गाशील, उद्या गाशील. हे गेल्यावर घर खायला उठायचं. भिंतीशी खुर्ची ओढून बसायची मी... आणि तू मुकी!"

"मग एकदा तरी म्हणायचं होतं, गा म्हणून!"

"सासू होते ना गं! बंद कर म्हणणारी मीच, वर विनवायला कोणत्या तोंडाने येऊ? तुला विचारायला काय झालं होतं?"

"सून होते मी!"

दोघी एकमेकींकडे रागाने बघत राहिल्या. एका शब्दाचं काम होतं, पण एकीचा मान आड आला, दुसरीचा मानीपणा, आणि अख्खं तारुण्य त्यात वाहून गेलं!

"ऐकायचंय ना? मग ऐका!" म्हणून सूनबाई तिरीमिरीत तिथेच जमिनीवर बसली आणि तिने ते गाणं तिच्या जुन्या पट्टीत उचललं... आणि जिथे सूर पाखरासारखा वर जायचा, तिथे नुसती हवा निघाली. तिने पुन्हा घेतलं. पुन्हा हवा.

"गेला, आई..." पदरात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडू लागली. "माझा आवाज गेला!"

सासूबाई पलंगाला धरून कशाबशा खाली तिच्याजवळ बसल्या. खोटी समजूत त्यांनी घातली नाही. "हो, गेला," त्या म्हणाल्या. "मी घालवला. माझं चुकलं, पोरी."

दोघी रडल्या. मग सासूबाईंना धाप लागली. त्यांनी ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला, आणि सूनबाईच्या खांद्यावर एक चापट मारली. "खांदे खाली सोड आधी. पोटातून घे. आता सोड... अगं, घाई कसली? गाडी चुकतेय का तुझी?"

"तुम्ही मला शिकवणार?"

"मग? वर्गात जाते मी!"

रडता रडता सूनबाईला हसू फुटलं. तेवढ्यात नवरा दारात आला. कानातले बोळे हातात घेऊन तो वैतागून म्हणाला, "आता काय, दोघी गाणार की काय?"

"दार लाव आणि बाहेर बस!" दोघी एकदमच ओरडल्या.

तो निमूट गेला. सासूबाईंनी सुनेचं ओलं तोंड आपल्या पदराने पुसलं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि खाली, अगदी खाली, दोघींना झेपेल तिथे सूर धरला. ती दचकून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"गा," सासूबाई म्हणाल्या.

आणि सूनबाई गायली.