बर्नआउटच्या धुरातले हात

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या गॅरेजमध्ये लॉनमोअर, मोडक्या सायकली आणि ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड असायचं. चैत्रालीच्या गॅरेजमध्ये ड्रॅगस्टर होती, सरळ पट्ट्यावर सुसाट पळवायची शर्यतीची गाडी. काळी, लांबलचक, तिच्याहून वयाने मोठी. नळ्यांचा सांगाडा, मागे दोन अगडबंब चाकं आणि ड्रायव्हरच्या थेट नाकासमोर इंजिन. त्या इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर, म्हणजे आत हवा कोंबणारा भलाथोरला पंप. तो सुरू झाला की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. मराठी मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की गॅरेजकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या. चैत्रालीला त्याचं काही नव्हतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी हात काळे करून घ्यायचे, यात ती सुखी होती. नवरा यतीन तिचा एकुलता एक मेकॅनिक, हमाल आणि स्वयंपाकी.

तिला हवं होतं रेसिंगचं लायसन्स. बाकी चाचण्या पार पडल्या होत्या. राहिली होती एकच, अधिकाऱ्यांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पूर्ण धाव. आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. नाताळानंतर व्हिसा संपणार, दोघं पुण्याला परतणार, गाडीला गिऱ्हाईकही ठरलं होतं. आज नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि एकदा डोक्यात घेतलं की ही बाई स्वतःचंही ऐकत नसे.

शर्यती एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर व्हायच्या. आभाळ निरभ्र, कुंपणापलीकडे वाळलेलं गवत, बर्गरच्या गाडीसमोर रांग. डॉक्टर पद्माकर आपल्या फोल्डिंग खुर्चीत बसले होते. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात जळिताच्या वॉर्डात आयुष्य काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर हौसेने इथल्या ॲम्ब्युलन्सवर ड्युटी करायचा. यतीनने आणलेल्या चिवड्याचा डबा सकाळपासून त्यांच्याच मांडीवर होता.

धावेच्या आधी बर्नआउट करावा लागतो. मागची चाकं ओल्या जागेवर गरगर फिरवून तापवायची, पांढरा धूर उठवत जरा पुढे जायचं आणि मग आपल्याच चाकांच्या काळ्या पट्ट्यांवरून मागे यायचं. तापलेलं रबर रबराला घट्ट धरतं. पण मागचं काही दिसत नसतं. म्हणून आपला माणूस पुढे उभा राहून हातांनी खुणा करतो. डावीकडे, थोडं उजवीकडे, बस्स. ड्रायव्हरने फक्त ते हात बघायचे.

सकाळच्या सरावाला यतीनने 'बस्स' केलं आणि तो धुरात दिसेनासा झाला. धूर जरा जास्तच रेंगाळला. त्यातून पुन्हा हात वर आले. पांढऱ्या हातमोज्यांतले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके. डावा हात उजव्यावर थापा मारत होता. खांदा, कोपर, मनगट. पुन्हा खांदा, कोपर, मनगट. शाबासकी देतोय वाटतं, असं म्हणून चैत्राली हेल्मेटमध्येच हसली आणि खुशीत अंगठा वर केला. मग ठरल्याप्रमाणे अर्ध्या अंतरापर्यंत गाडी पळवून आली.

"शेवटी काय चाललं होतं रे तुझं?" खाली उतरल्यावर तिने विचारलं. "स्वतःच्याच हातावर थापा मारत होतास. आणि ग्लव्ह्ज कधी घातलेस?"

यतीनने दोन्ही हात पुढे केले. उघडे, ऑइलने माखलेले. "मी बस्स केलं आणि साइडला झालो, चैतू. पुढे कोणीच नव्हतं."

डॉक्टरांचं चिवडा चावणं थांबलं. "कशा थापा? परत दाखव."

तिने दाखवलं.

"अगं, दॅट्स नॉट अ सिग्नल." त्यांनी डबा बाजूला ठेवला. "तुमची गाडी मिथेनॉलवर चालते ना? मिथेनॉलची आग उन्हात दिसत नाही. ज्वाळा नाही, काही नाही. फक्त हवा हलते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस नाचतोय. वॉर्डात माझे पेशंट बेशुद्धीतसुद्धा आग विझवायला असेच हात मारायचे."

"इथे कधी कोणी...?" यतीनने विचारलं.

"नाही. या ट्रॅकवर कधीच नाही."

मग यतीन उठला. "चल, गाडी ट्रेलरवर चढवू. घरी जाऊ."

"कशासाठी? धुरात दोन हात दिसले म्हणून?"

"चैतू, प्लीज."

"घाबरले आहे मी, यतीन. खूप घाबरले आहे. पण आज परत गेले तर पुण्यात रोज सकाळी उठून मला हेच आठवेल."

ती इंजिनापाशी बसली. इंधनाची प्रत्येक नळी तिने बोटांनी चाचपली, प्रत्येक सांधा आवळला, कागद लावून कोरडा असल्याची खात्री केली. कुठे थेंब नव्हता. त्या नादात तिचा एक हातमोजा क्लॅम्पला अडकून टर्रकन फाटला. तिने तो न बघताच मागे भिरकावला. यतीनने तो उचलला, डबीतून सुई काढली, हाताला लागला तो दोरा ओवला आणि खाली मान घालून शिवत बसला. रागावला की तो असाच काहीतरी शिवत बसायचा.

पट्ट्यांनी तिला सीटला जखडल्यावर हातमोजेही त्यानेच चढवले. ती समोर बघत होती.

बर्नआउट. धूर. यतीनचे उघडे हात. डावीकडे. थोडं उजवीकडे. बस्स.

तिने श्वास रोखून धुराकडे पाहिलं. धूर विरला. पुढे कोणी नव्हतं.

हिरवा दिवा लागला.

सुपरचार्जर किंचाळला आणि कोणीतरी पाठीत लाथ घालावी तशी गाडी सुटली. मान मागे गेली, बरगड्या दबल्या, कुंपण आणि गवत एक झालं. पुढची चाकं जमिनीवर आहेत की हवेत, तिला कळेना. तिने पाय उचलला नाही. अंतर संपेपर्यंत उचलला नाही.

वेग तोडणारं मागचं पॅराशूट उघडलं. इंजिन बंद. शांतता.

लांबून लाउडस्पीकरवर तिचं नाव आलं, चुकीच्या उच्चारात. पूर्ण धाव. पास.

चैत्राली रडली, हसली, पट्टे सोडून खाली उतरली. एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. यतीनची व्हॅन अजून ठिपक्याएवढी होती. उन्हाने उजवं कोपर छान शेकत होतं.

ऑक्टोबरातलं इंग्लंडचं ऊन एवढं लागत नाही.

तिने बाहीकडे पाहिलं. बाहीवर काहीच नव्हतं. फक्त पलीकडचं गवत थरथरत होतं.

डावा हात आपोआप उठला. खांदा, कोपर, मनगट. पुन्हा खांदा, कोपर, मनगट. पांढऱ्या हातमोज्यावर, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचे टाके होते.

तिच्याभोवती पांढरा धूर साचत होता. इतक्या लांब, धावपट्टीच्या या टोकाला धूर यायचं कारण नव्हतं. त्या धुरात अगदी समोर एक काळी, लांबलचक गाडी मागे सरकत थांबली.

ती जिवाच्या आकांताने ओरडली.

गाडीतल्या ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि खुशीत अंगठा वर केला.